सावलीचा सातबारा

गेल्या भाऊबीजेला बहीण आणि भाचा आले होते, जेवणं झाली, आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात दरवर्षी होतो तसा वाद झालाच, फक्त यंदा विषय नवा होता. भाचा बावीस वर्षांचा, दीड वर्ष झालं एकटाच बसून फोनवरचा एक गेम बनवतोय. कल्पना अगदी बडोद्याची: मे महिना, दुपारचे दोन, पात्राला मांडवीपासून घरी पोचायचंय, उन्हात पाऊल पडलं की जीव कमी होतो, म्हणून सावलीतून सावलीत जायचं, आणि सूर्य सरकतो तशा सावल्या पण सरकतात त्यामुळे एका जागी उभं राहायची सोय नाही. मला तर जाम आवडलेली. त्यानं हौसेनं तीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला, आणि तीन-चार महिन्यांत कुठल्याशा मोठ्या टीमनं सेम हाच खेळ, दुसरं शहर, झकपक ग्राफिक्स, आणून पण दाखवला. पोरगं रडकुंडीला आलं. काका म्हणाले, "अरे मग पेटंट का नाही घेतलंस?" तो म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे खेळाच्या नियमाचं पेटंट मिळतच नाही, कायद्यातच लिहिलंय." झालं. तिथून पुढे डब्यातल्या चकल्या संपेपर्यंत "म्हणूनच आपला देश मागे" हे चालू राहिलं.

हा वाद काही आमच्या घरापुरता नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीनं 'पालवर्ल्ड' नावाचा, प्राणी पकडायचा गेम बनवणाऱ्या पॉकेटपेअर कंपनीवर टोकियोच्या कोर्टात पेटंटचा दावा लावला, तेव्हापासून गेम आणि ॲनिमेशनवाल्या पोरांमध्ये दोन तट पडलेत. एक तट म्हणतो सगळे चोर आहेत, भारतात पण खेळाच्या मेकॅनिकला, म्हणजे खेळ चालायच्या रीतीला, पेटंट द्या म्हणजे आपली पोरं जगाला लायसन विकतील. दुसरा म्हणतो आयडिया कुणाच्या बापाची नसते, सगळं फुकट पाहिजे. पेटंट मिळालंच तर पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो हे दोघंही विचारत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको: आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ मध्ये 'एम' नावाचं पोटकलम आहे, २००२ च्या दुरुस्तीनं आलेलं, ते म्हणतं की नुसती योजना, नियम, डोक्यातल्या डोक्यात करायची कृती किंवा खेळ खेळायची पद्धत हा शोध धरला जाणार नाही. हे पोटकलम आहे तसं राहू द्या. यंत्र शोधलंत, वस्तू शोधलीत, खुशाल पेटंट घ्या. पण खेळाच्या नियमाचा आणि चित्र हलवायच्या रीतीचा सातबारा निघायला लागला तर त्यावर भाच्यासारख्याचं नाव लागणार नाही, त्याचं नाव लागेल ते अतिक्रमण करणाऱ्यांच्या यादीत.

आता समोरच्यांचा सगळ्यात तगडा मुद्दा, आणि तो खरा आहे. राल्फ बेअर. या माणसानं १९६६ पासून, घरातल्या टीव्हीवर खेळ खेळता येईल या वेडापायी एक खोकं बनवायला घेतलं, त्यातूनच १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ओडिसी आलं, जगातलं पहिलं घरगुती गेम कन्सोल. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या प्रात्यक्षिकाला नोलन बुशनेल नावाचा गृहस्थ हजर होता, पाहुण्यांच्या वहीत सही पण करून गेला, आणि वर्षाच्या शेवटी त्याच्या अटारीनं 'पाँग' बाजारात आणला. बेअरच्या बाजूनं पेटंट नसतं तर? तर आज त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. मॅग्नाव्हॉक्सनं दावा लावला, अटारीनं १९७६ मध्ये १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि अमेरिकेच्या सरकारनं म्हाताऱ्या बेअरला राष्ट्रीय पदक दिलं. हे मान्यच करायला लागतं. तसंच निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईचं अधिक चिन्हासारखं बटण, ज्याला पोरं डी-पॅड म्हणतात. त्याचं अमेरिकन पेटंट निन्टेन्डोला १९८७ मध्ये मिळालं, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही, कारण प्लॅस्टिकचा एक तुकडा असा घडवायचा की अंगठा न उचलता चारी दिशा कळतील हे कारागिराचं काम आहे, लोहाराच्या, घड्याळवाल्याच्या जातीचं काम. दुसऱ्यांना बटण वेगळं घडवायला लागलं, पण डावीकडे उजवीकडे पळायला कुणाला बंदी झाली नाही. बटण त्याचं झालं, दिशा सगळ्यांच्या राहिल्या. माझी रेघ मी इथेच ओढतोय.

दुसरा मुद्दा जास्त चलाख आहे. म्हणतात, पेटंट दिलं नाही तर लोक शोध लपवून ठेवतात, पेटंटच्या बदल्यात निदान रीत कागदावर येते आणि वीस वर्षांनी सगळ्यांची होते. बडोद्याच्या माणसाला लपवाछपवी काय असते ते सांगायला नको, आपण घराण्यांच्या गाण्यात वाढलोय. खांसाहेब बंदिश शिकवायचे ती मुलाला, जावयाला, शिष्याला दिलीच तर अंतरा गिळून. पण ती कोंडी फुटली कशानं? गवई मौलाबक्षांनी याच शहरात १८८६ मध्ये संगीतशाळा काढली आणि गाणं स्वरलिपीत उतरवलं. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली ती पण बडोद्यातच, आणि पुढे शेकडो बंदिशी स्वरलिपीसकट छापून दोन-पाच रुपयांच्या पुस्तकात कुणाच्याही हातात दिल्या. कुणी 'यमनची ही चलन वीस वर्षं माझी' असं लिहून मागितलं नाही, त्याशिवायच गुपित बाहेर आलं. हां, एक गोष्ट खरी की ज्या उस्तादांकडून चिजा गोळा झाल्या त्यांच्यातल्या कित्येकांना ना पैसा मिळाला ना धड श्रेय, आणि ही ठसठस त्यांच्या घरात अजून आहे, ती खोटी नाही. पण नाव देणं आणि सातबारा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव द्यायलाच हवं, मी त्यासाठी भांडेन.

ॲनिमेशनमध्ये तर हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय, आणि लोक ते विसरून नव्यानं भांडतायत. सुरवातीला प्रत्येक चित्र अख्खं काढायला लागायचं, मागचं घर, झाड, रस्ता सगळं परत परत. विन्सर मॅके हजारो चित्रं अशी काढत बसायचा. १९१४-१५ च्या सुमारास अर्ल हर्डनं पारदर्शक सेल्युलॉइडची युक्ती काढली, पात्र सेलवर, मागचं चित्र खाली तसंच, आणि त्याचं पेटंट घेतलं. जॉन ब्रे नावाचा धंदेवाईक माणूस आधीच स्वतःची पेटंटं घेऊन बसला होता (मॅकेकडे पत्रकार म्हणून गेला, त्याची रीत बघून आला, पेटंट काढलं आणि वर त्याच्यावरच दावा ठोकला अशी गोष्ट सांगतात). मग ब्रे आणि हर्ड एकत्र आले आणि १९३२ पर्यंत अमेरिकेत सेलवर ॲनिमेशन करायचं तर लायसनचे पैसे मोजा. पेटंटवाला तट लगेच म्हणेल, मग काय बिघडलं, त्याच काळात तर तो धंदा वाढला ना? वाढला. ज्यांना परवडलं त्यांचा वाढला. राऊल बारेसारखे लोक कागद हवा तिथे फाडून खालचं चित्र दाखवायच्या भानगडीत पडले. आता यातून नवीन काही निघालं असेल तर ते पेटंटच्या कुंपणाला वळसा घालायची युक्ती निघाली, चित्र चांगलं करायची नाही. वळसा घालण्यात गेलेली वर्षं कुठल्या हिशोबात धरायची?

त्याच काळातलं मॅक्स फ्लायशरचं रोटोस्कोप, पेटंट १९१७ चं. भावाला विदूषकाचे कपडे घालून नाचवायचं, फिल्म काढायची, मग ती एकेक फ्रेम काचेवर पाडून गिरवायची. पेटंट १९३४ मध्ये संपलं, आणि १९३७ च्या 'स्नो व्हाइट'साठी डिस्नेच्या लोकांनी खऱ्या माणसांची फिल्म काढून तिच्यावरून बेधडक गिरवलं. हे मी एवढं घोळवून सांगतोय कारण माझी उमेदीची अकरा वर्षं याच शब्दात गेलीत. मुंबईत व्हीएफएक्समध्ये, म्हणजे पिक्चरमधल्या कॉम्प्युटरच्या करामतींच्या धंद्यात, मी 'रोटो' करायचो. म्हणजे हिरोच्या केसांच्या कडेनं, बोटांच्या कडेनं, फ्रेम बाय फ्रेम रेघ फिरवायची, सेकंदाला चोवीस, आणि अशी हजारो पोरं भारतात रात्रपाळीला बसून परदेशी पिक्चरांचं रोटो करतात. रोटोस्कोपचं पेटंट संपून नव्वद वर्षं झाली, सेलचं त्याच्याही आधी, सगळी रीत फुकट आहे, कुणाचं लायसन लागत नाही. तरी आपण रेघच फिरवतोय ना? म्हणजे आपलं अडलंय ते पेटंटवाचून नाही. आपलं अडलंय कारण स्वतःची गोष्ट करायला सहा महिने बिनपगारी बसायची कुणाची ऐपत नाही, आणि बसला तर घरचे म्हणतात नोकरी गेली का. आमचा एक गुजराती मित्र, चांगला ॲनिमेटर, आता जीएसटीची रिटर्न भरतो. विचारलं तर म्हणतो, "भाई, आमां पैसा क्यां छे?" यात पैसा कुठेय?

माझीच एक गोष्ट. एका स्टुडिओत असताना मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिलं होतं, बारकंच, केसांची कड पाच-सहा फ्रेम पुढे अंदाजानं सरकवून द्यायचं, मग हातानं थोडं नीट केलं की झालं. एका शॉटला दोन दिवस लागायचे तिथे एक लागायला लागला. मी सगळ्यांना दिलं. सोडताना लॅपटॉप परत घेतला आणि सांगितलं की नोकरीत बनवलेलं सगळं कंपनीचं, तुम्ही सही केलेली आहे. केलेलीच होती. आता समजा आपल्याकडे अशा गोष्टीला सरळ पेटंट मिळत असतं, तर ते माझ्या नावानं निघालं असतं? शोधकर्ता म्हणून कोपऱ्यात नाव आलं असतं, मालक कंपनी. आणि दुसऱ्या नोकरीत मी माझ्याच हातानं तेच स्क्रिप्ट परत लिहिलं असतं तर चोर मी. आज निदान डोक्यात होतं ते घेऊन बाहेर पडता आलं.

हे जास्त वाटत असेल तर वॉर्नरची गंमत बघा. मोनोलिथ नावाच्या स्टुडिओतल्या लोकांनी २०१४ च्या 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या गेममध्ये एक अफलातून व्यवस्था केली, नेमेसिस सिस्टिम. तुम्हाला मारणारा साधा शिपाई बढती मिळवतो, तुम्हाला लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी भेटला की जुनी जखम दाखवून टोमणा मारतो. खेळणारे वेडे झाले. वॉर्नर ब्रदर्सला २०२१ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, ते २०३६ पर्यंत चालेल. दरम्यान फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉर्नरनं मोनोलिथ बंद करून टाकला. ज्यांनी शोध लावला ते घरी, आणि शोध कपाटात, कुलूपबंद. दुसऱ्या कुणाला हुबेहूब तसा वैरी बनवायचा तर पेटंट आडवं येतं. शोधकर्त्याच्या हक्कासाठी पेटंट म्हणता, मग इथे हक्क कुणाचा राखला गेला?

नामको या जपानी गेम कंपनीचं तर हसू येतं. गेम लोड होतोय तोवर एक छोटा गेम खेळायला द्यायचा, एवढीच कल्पना. पहिल्या प्लेस्टेशनवर 'रिज रेसर' लोड होताना ते 'गॅलेक्सियन' खेळायला द्यायचे, आणि याचं अमेरिकेत पेटंट घेतलं, अर्ज १९९५ चा. खरं तर ही कल्पना नवीन पण नव्हती, १९८७ मध्ये कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर कॅसेट फिरत असताना 'इन्व्हेड-ए-लोड' नावानं हेच चालायचं, पण पेटंट तपासणाऱ्याला कॅसेटवरचे खेळ कुठून माहीत असणार. बाकीच्या कंपन्या वीस वर्षं फिरणारं चक्र दाखवत बसल्या. आमच्या पिढीनं सायबर कॅफेत त्या चक्राकडे बघण्यात किती तास घालवले असतील देव जाणे. पेटंट २०१५ मध्ये संपलं, आणि पाच वर्षांत कन्सोलमध्ये एसएसडी, म्हणजे झटपट वाचणारी डिस्क, आली, लोडिंगच जवळपास संपलं. म्हणजे कल्पना मोकळी झाली तेव्हा तिची गरजच उरली नव्हती. गेममध्ये वीस वर्षं म्हणजे काय? वीस वर्षांत चार पिढ्यांची यंत्रं भंगारात जातात. औषधाच्या गोळीला वीस वर्षं आणि गेमच्या मेकॅनिकला पण वीसच, हा कुठला हिशोब?

आणि सावली. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो खरोखर गप्प झाला. 'डूम ३' हा गेम बनवताना जॉन कारमॅक नावाच्या प्रोग्रामरनं सावल्या काढायची एक पद्धत वापरली. कॅमेराच सावलीच्या आत शिरला की जुनी पद्धत गंडायची, म्हणून त्यानं मोजणी उलट्या बाजूनं केली, प्रोग्रामर तिला अजून कारमॅकची उलटी म्हणून ओळखतात. त्यानं ती स्वतःच्या डोक्यानं शोधली होती. पण साउंड कार्ड विकणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीनं तेच गणित १९९९ मध्ये अर्जात लिहून ठेवलेलं आणि २००२ मध्ये पेटंट हातात. मग २००४ मध्ये गेम आला तेव्हा तडजोड अशी की 'डूम ३'मध्ये क्रिएटिव्हचं आवाजाचं तंत्र घालायचं. सावलीच्या बदल्यात आवाज! पुढे २०११ मध्ये गेमचा कोड लोकांना मोकळा करताना त्या सावलीच्या ओळी बदलायला लागल्या. कारमॅकच्या मागे कंपनी होती, पैसा होता, त्याला देवाणघेवाण करता आली. दांडिया बाजारात बसून सावलीचा गेम करणाऱ्या पोराला अशी नोटीस आली असती तर त्यानं बदल्यात काय दिलं असतं, आमच्याकडचं लोणचं?

मुळात भाच्याला पेटंट मिळण्याची सोय असती तरी काय झालं असतं ते जरा थंड डोक्यानं मोजू. एकट्या माणसाला अर्जाची सरकारी फी १६०० रुपये, ती अडचण नाहीच. अडचण पहिली म्हणजे त्यानं व्हिडिओ आधीच टाकला, आणि जगाला दाखवलेली गोष्ट नवी राहत नाही, बाद. म्हणजे हौसेनं दाखवायचं नाही, आधी वकील गाठायचा. दुसरी, अर्ज साधारण अठरा महिन्यांनी तर नुसता छापून येतो, मंजुरी त्यानंतर कधीतरी, आणि फोनवरच्या गेमचं आयुष्य तेवढं पण नसतं. तिसरी, मिळालं तरी भांडायचं कुणाशी, तर परदेशातल्या टीमशी, त्यांच्या कोर्टात, त्यांच्या तासाला, त्यांच्या पैशात. भारतातलं पेटंट भारतातच चालतं, तिकडे भांडायला तिकडचं वेगळं लागतं, हे काकांना माहीत नव्हतं, मला वाटतं हे खूप जणांना माहीत नाही. पॉकेटपेअरचंच बघा, पालवर्ल्ड आला जानेवारी २०२४ मध्ये, आणि दाव्यातली पेटंटं निन्टेन्डोनं २०२१ च्या मूळ अर्जाला फाटे फोडून २०२४ मध्येच, खेळ आल्यानंतर पुढे आणली. मागितलेली भरपाई फार मोठी नाही, दोघांना मिळून एक कोट येन, पण निकालाच्या आधीच पॉकेटपेअरनं गोळा फेकून प्राणी बाहेर काढायची पद्धत बदलली, पुढे मे २०२५ मध्ये प्राण्याला धरून तरंगायचं पण बदललं. ज्यांचा गेम लाखोंनी खपला ते वाकले. भाच्यानं नुसती नोटीस बघून गेम काढून टाकला असता, आणि मीच त्याला काढ म्हणालो असतो.

मग चोरी झाली तर पोरानं काय हात चोळत बसायचं? नाही. इथे "सगळं फुकट" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याची चित्रं, त्याचा कोड, त्याचा आवाज, गेमचं नाव, हे त्याचंच आहे आणि त्याला कॉपीराइट आणि ट्रेडमार्क आहेत, फुकटात किंवा थोडक्यात. अमेरिकेत २०१२ मध्ये टेट्रिसवाल्यांनी शिओ नावाच्या कंपनीला कोर्टात हरवलं ते पेटंटशिवाय. कोर्ट म्हणालं ठोकळे वरून पडतात आणि ओळ भरली की जाते हा नियम कुणीही घ्या, पण तुम्ही रंग, आकार, पटाची मापं, सगळा चेहराच उचललात. आपल्याकडे २००८ मध्ये दिल्ली हायकोर्टात स्क्रॅब्युलसचा खटला झाला, कोलकात्याच्या दोन भावांनी स्क्रॅबलसारखा ऑनलाइन खेळ काढला होता. कोर्टानं खेळाच्या पटाला कॉपीराइट मानला नाही, पण नाव फसवं आहे ते वापरायचं नाही असं बजावलं. त्यांनी नाव बदललं, खेळ चालू राहिला. मला ही रेघ एकदम पटते: चेहरा माझा, नाव माझं, चाल सगळ्यांची. आणि खरंच काही तांत्रिक शोध असेल, नुसता प्रोग्राम नव्हे तर यंत्राचं काम बदलणारं काही, तर आपल्याकडे दार बंद नाही, २०१९ मध्ये फरीद अलानीच्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टानंच सांगितलंय की कायद्यात प्रोग्रामबद्दल 'पर से' (म्हणजे नुसता तेवढाच) शब्द आहे तो उगाच नाही, तांत्रिक परिणाम बघा. थोडक्यात ज्याला गरज आहे त्याला वाट आहे. मागणी आहे ती वाट नसलेल्या ठिकाणी नाका बसवायची.

मोकळं ठेवल्यानं काय होतं याची उदाहरणं पण भरपूर आहेत, लोक त्यांच्याबद्दल भांडत नाहीत कारण तिथे भांडायला काही नसतं. केन पर्लिन नावाचा प्रोग्रामर 'ट्रॉन' पिक्चरच्या कामावरून परत आला, त्याला कॉम्प्युटरवरची चित्रं फार गुळगुळीत वाटायची, म्हणून १९८३ मध्ये त्यानं खडबडीतपणाचं एक गणित केलं, ढग, संगमरवर, डोंगर सगळं त्यातून निघतं. १९८५ मध्ये छापून टाकलं, पेटंट नाही. माइनक्राफ्टची जमीन त्याच जातीच्या गणितावर उभी आहे. त्याला ऑस्करवाल्यांचं तांत्रिक पदक मिळालं, म्हणजे नाव पण बुडालं नाही. गंमत म्हणजे पुढे त्याच पर्लिनच्या सुधारलेल्या गणितावर पेटंट निघालं, तर लोकांनी ते बाजूला ठेवून ओपनसिम्प्लेक्स म्हणून दुसरंच लिहिलं. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकांनी एक लाख युरो गोळा करून मोकळं करून घेतलं, आणि लॅटव्हियासारख्या, आपल्या वडोदरा जिल्ह्याहूनही कमी माणसं असलेल्या देशातल्या मूठभर लोकांनी, फ्रान्स-बेल्जियमच्या साथीनं, त्याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर 'फ्लो' हा ॲनिमेशनपट केला आणि २०२५ मध्ये ऑस्कर नेलं. इथल्या ॲनिमेशनच्या वर्गातली पोरं त्याच ब्लेंडरवर शिकतात. त्यांच्यात आणि त्या लॅटव्हियात फरक कसला आहे याचं उत्तर पेटंट ऑफिसात मिळणार नाही, त्या देशात सिनेमाला सरकारी पैसा मिळतो तिकडे शोधा.

आणि आपले दादासाहेब फाळके. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला माणूस. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, पैसा लावणाऱ्याला पटवायला वाटाण्याचं बी कुंडीत लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं, पडद्यावर बघता बघता वेल झाली. 'अंकुराची वाढ'. पुढे आगकाड्या एकेक सरकवून हलत्या केल्या, १९१५ मध्ये. नेमक्या याच वर्षांत तिकडे ब्रे आणि हर्ड सेलवर पेटंटं लावत होते. एकेक फ्रेम थांबून काढायची ही रीत फाळक्यांच्या आधी फ्रान्स-अमेरिकेत होती, फाळक्यांनी ती घेतली, आणि बरं झालं घेता आली. नाशिकच्या माणसाला त्या वाटाण्यासाठी परदेशी कंपनीला लायसन भरायला लागलं असतं तर भारतीय सिनेमाची तारीख काय असती?

काकांचा शेवटचा बाण मात्र जबरी होता. म्हणाले, "लूडो माहिती आहे ना? आपली पचीसी. इंग्रजांनी शंभर वर्षांआधीच पेटंट घेतलं त्याचं. आपण झोपलो होतो." हे खरं आहे, इंग्लंडमध्ये लूडो या नावानं पेटंट झालंय. पण मी म्हटलं काका, आपण म्हणजे कोण? पचीसी बादशहा खेळायचे, बायका ओसरीवर खेळायच्या, कवड्यांनी, फाशांनी, दर गावात वेगळी. ती कुणाच्या नावानं लावायची होती? आणि ते पेटंट कधीच संपलं म्हणून तर नवी मुंबईच्या कंपनीला २०१६ मध्ये लूडो किंग काढता आला आणि लॉकडाउनमध्ये अख्खा देश, तुम्ही धरून, तो खेळत बसला. तेव्हा तुम्ही इंग्रजांना काही दिलं का? काका हसले, पण पटलं असं नाही म्हणाले.

तेवढ्यात आईनं कपाटातून सारीपाट काढला. भरतकामाचा कापडी पट, एक सोंगटी हरवलीय तिथे आगपेटीचा तुकडा. खेळायला बसलो आणि पाचव्या मिनिटाला भांडण. आईचं माहेर ग्वाल्हेर. तिच्याकडे दोन सोंगट्या एका घरात आल्या, जुग झालं, की त्यांना कुणी मारू शकत नाही, आणि पुढे पण त्या जोडीनंच चालतात. आमच्या बडोद्याच्या घरात जुग मरत नाही, पण चालतात सुट्या. पन्नास वर्षं झाली लग्नाला, अजून हे ठरलेलं नाही. शेवटी एक डाव ग्वाल्हेरचा, एक बडोद्याचा.

भाचा ग्वाल्हेरच्या डावात एकदम थांबला आणि फोनमध्ये काहीतरी लिहायला लागला. पंधरा दिवसांनी नवीन व्हर्जन पाठवलं. आता गेममध्ये दोन पात्रं आहेत, दोघं खेटून चालली की एकमेकांच्या सावलीत येतात आणि भर उन्हातून पण थोडं अंतर पार करता येतं, सुटी झाली की गेली. त्या दुसऱ्या टीमच्या गेममध्ये हे नाही. मी आईला दाखवलं, म्हटलं बघ, तुझ्या माहेरचा नियम उचलला यानं, न विचारता. तिनं चष्मा वर करून पाहिलं आणि त्याला फोन लावायला सांगितला.

"अरे, खेळ छान झालाय," ती म्हणाली, "पण त्या मुलीच्या साडीचा हिरवा फार डोळ्यात जातो रे, तो जरा बदल."